वहीत कुणाची भाषा उतरते?

सहभागी निरीक्षण म्हणजे काय, मुलाखत कशी घ्यायची, संमती कशी मागायची हे तुम्ही एम.ए.ला शिकलेलाच आहात. गावात राहून अभ्यास करताना, टिपणं लिहिण्यात मी जिथे फसले तिथपासून सांगते.

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात भातलावणीच्या दिवसांत बायका एकमेकींच्या शेतात पैऱ्याने, म्हणजे कामाच्या बदल्यात काम या रीतीने, कशा जातात, हा माझा विषय. मी बेळगावची. घर मराठी, शाळा मराठी, कन्नड बाजारापुरती. गावही मराठी, म्हणून भाषेची अडचण येणार नाही असं मी धरून चालले. प्रबंध इंग्रजीत द्यायचा होता, तेव्हा रात्री खोलीवर टिपणंही थेट इंग्रजीतच लिहायची. चार महिन्यांत तीन वह्या भरल्या.

प्रकरण लिहायला बसले तेव्हा पायाखालची जमीन सरकली. पानापानावर एकच वाक्य: हिने तिला उद्या यायला सांगितलं. पण कसं सांगितलं? ‘ये’ म्हणाली की ‘या’? ‘येशील काय?’ की ‘यायला लागतंय बघ’? विनंती होती, हक्क होता की हुकूम, हे त्या एका क्रियापदात होतं, आणि पैऱ्यातलं सगळं नातं तिथेच होतं. इंग्रजीत ते सपाट झालं. त्यात बैलहोंगलकडून आलेल्या सुना आपापसात कन्नड बोलायच्या. तिथेही ‘बा’ आणि ‘बर्री’ यांत तोच फरक. मी जवळ गेले की त्या मराठीवर यायच्या, आणि मी बिनदिक्कत ‘गावात मराठी बोलतात’ असं लिहून मोकळी व्हायची. त्या माझ्यासाठी भाषा बदलत होत्या, हे मला दिसलंच नाही.

म्हणून वहीचं पान दुभागा. डावीकडे बोललेले शब्द जसेच्या तसे, कन्नडसुद्धा देवनागरीत, अर्थ कळला नसला तरी. उजवीकडे तुमचा अर्थ. वर लिहा: कोण कोण बसलं होतं, कोण आल्यावर बोलणं बदललं. शेतात दोन-चार खुणेचे शब्द टिपा, बाकी त्याच रात्री. सकाळवर ढकललंत की गेलंच. भाषांतर शेवटी करा.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांनी म्हैसूरकडच्या रामपुरा गावावर तयार केलेली टिपणं 1970 मध्ये स्टॅनफर्डला आगीत जळाली आणि त्यांनी ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ हे पुस्तक मुख्यतः आठवणीतून लिहिलं. हा दाखला देऊन ‘आठवणीवर भागतं’ म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. 1948 मध्ये ते त्या गावात राहिले आणि पुढे कित्येक वर्षं त्याच टिपणांवर काम करत होते. आपण दोन दिवस जाऊन प्रश्नावली भरून आणतो आणि तिला एथ्नोग्राफी, म्हणजे लोकांत राहून केलेला अभ्यास, म्हणतो, ते मला अजिबात पटत नाही. मार्गदर्शकाबद्दलही बोलते: जे सर किंवा मॅडम वर्षभरात एकदाही ‘वही दाखव’ म्हणत नाहीत, त्यांच्याकडे आपणहून वही घेऊन जा. माझी कुणी मागितली नाही, आणि मीही नेली नाही.

आणखी एक. 1 नोव्हेंबरच्या आसपास भाषेचा विषय काढू नका. एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस. 1956 पासूनचं दुखणं आहे ते. त्या आठवड्यात तुम्हाला माणसाचं उत्तर मिळत नाही, बाजू मिळते. तुमचा विषय सीमाप्रश्न असेल तर गोष्ट वेगळी.

पहिला महिना काहीच हाती लागत नाही. कट्ट्यावर बसायचं, चहा प्यायचा, ‘लग्न झालंय काय?’ला उत्तर द्यायचं. रडू येतं. मला आलं होतं. तो महिना फुकट जात नाही, गाव तेव्हा तुम्हाला बघत असतं.

मी दुसऱ्या पावसाळ्यात परत गेले. तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढताना दोघी कन्नडमध्ये भांडल्या, मी ऐकू आलं तसं लिहिलं आणि संध्याकाळी गावातल्या एका काकूंना वाचून दाखवलं. माझे उच्चार ऐकून त्या पोट धरून हसल्या, मग बांधावर बसून एकेक शब्द सोडवून सांगितला. “मागच्या साली का गं नाही विचारलंस?” म्हणाल्या.