विषारी साप घरी ठेवण्यात होणाऱ्या चुका टाळा

केळीचा वाळलेला पाला ओढताना किंवा पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा) ढीग उचलताना साप निघाला, की जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल भागात गावातल्या एखाद्या धीट मुलाला बोलावतात. तो साप धरतो आणि वनविभागाला कळवण्याऐवजी 'दोन दिवस ठेवू' म्हणून घरी नेतो. पुढच्या सगळ्या चुका या दोन दिवसांतून निघतात.

मीही ही चूक केली आहे. ऐन वैशाखात एक घोणस झाकणाला भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या बरणीत घालून मी पत्र्याच्या खोलीत ठेवली होती. सापाला शरीराचे तापमान राखण्यासाठी ऊन-सावलीत जागा बदलावी लागते आणि बरणीत ते शक्य नसते. संध्याकाळी झाकण उघडले, तेव्हा ती तोंड उघडे टाकून मेलेली होती. 'वाचवली' हा शब्द मी त्यानंतर फार जपून वापरतो.

साप आपल्याला ओळखू लागला, हा समज घातक आहे. तो शांत पडून असतो, कारण तो भेदरलेला, उपाशी किंवा कात टाकण्याच्या बेतात असतो. कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ होऊन त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे तो चटकन चावतो. विषदात काढल्यानेही धोका संपत नाही, कारण ते पुन्हा येतात आणि तोंडातली जखम चिघळून साप मरतो. घोणस तर अंडी न घालता पिलेच देते, आणि प्रत्येक पिलू जन्मतःच विषारी असते.

साप चावला तर काय, असे विचारल्यावर मिळणारे 'प्रतिविष आहेच' हे उत्तर मला सर्वांत अस्वस्थ करते. घोड्याच्या रक्तद्रवापासून बनणाऱ्या या औषधाची जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ते दवाखान्यातच द्यावे लागते. शिवाय हौसेपायी वापरलेली कुपी शेतात राबणाऱ्या मजुराच्या वाट्याची असते. साप आणणाऱ्याने धोका स्वतःहून पत्करलेला असतो, परंतु शेजारच्या घरात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या मुलाने तो पत्करलेला नसतो, आणि निसटलेल्या मण्यारीचा दंश झोपेत अनेकदा जाणवतही नाही.

नाग आणि घोणस वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने त्यांना बाळगणाऱ्यास किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद होऊ शकते. या भीतीने काहीजण साप रातोरात दुसऱ्याच्या शेतात किंवा थेट सातपुड्यात सोडून येतात. तसे करू नये. अनोळखी मुलखात त्याला भक्ष्य आणि आसरा मिळणे कठीण असते.

साप सध्या घरात असेल, तर त्याला न हाताळता, पेटी सावलीत ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. दंश झाल्यास आवळून बांधणे, कापणे, चोखणे टाळावे, अवयव स्थिर ठेवावा आणि १०८ ला फोन करावा. वनरक्षकाला साप सापडल्याची खरी जागा न लपवता सांगावी, म्हणजे सापाला त्याच शिवाराजवळ सोडता येईल.