तीन आकडी एक्स्टेन्शन चार आकडी करताना

ऑफिसातल्या फोन सिस्टिमवर एक्स्टेन्शनची (प्रत्येक फोनच्या अंतर्गत नंबराची) लांबी ठरवण्याआधी कागदावर ० ते ९ आकडे मांडा आणि प्रत्येकासमोर तो कशासाठी राखलेला आहे ते लिहा. आपल्याकडच्या बऱ्याच ऑफिसांत ० दाबून बाहेरची लाइन मिळते आणि ९ वर ऑपरेटर असतो. हे दोन गेले. १ सुद्धा मोकळाच ठेवा. १००, १०१, १०२, १०८, ११२ हे तीन आकडी आणि १०९८, १९३० हे चार आकडी मदतीचे नंबर त्याच आकड्याने सुरू होतात. हॉटेलात आणि इस्पितळात खोली १०१ला एक्स्टेन्शनही १०१ देण्याचा मोह होतो. तसे केले, की आग लागल्यावर केलेला फोन पहिल्या मजल्यावरच्या खोलीत वाजतो. तिथे चार आकडी नंबर घ्या, २१०१ असा; खोलीचा नंबर लक्षात राहतो आणि १०१ मोकळा राहतो.

उरले २ ते ८. दोन आकडीत त्यातून ७० नंबर निघतात, तीन आकडीत ७००, चार आकडीत ७,०००. पन्नाससाठ फोनांच्या ऑफिसला तीन आकडी पुरेसे आहेत, उगाच लांबवू नका. चार आकड्यांचा खरा फायदा शाखा जोडताना होतो (पुण्याला ४, नाशिकला ५), किंवा पीआरआय लाइनवर (एकाच वेळी अनेक कॉल नेणारी डिजिटल लाइन) मिळालेल्या थेट नंबरांचे शेवटचे चार आकडे तसेच एक्स्टेन्शन म्हणून वापरायचे असतील तेव्हा.

सगळ्यात महत्त्वाचा नियम: एका पहिल्या आकड्याला एकच लांबी. २०१ आणि २०१५ दोन्ही ठेवले, तर २०१ दाबल्यावर पुढे आणखी आकडा येणार का, हे सिस्टिमला कळत नाही आणि ती थांबून राहते. अ‍ॅस्टरिस्क या फोन सिस्टिमच्या सॉफ्टवेअरवर, संगणकातल्या कार्डाला जोडलेल्या साध्या अ‍ॅनालॉग फोनसाठी हा थांबा मूळ सेटिंगमध्ये ३ सेकंदांचा असतो, आणि नंबर अजून कुठेच जुळलेला नसेल तर ८ सेकंदांचा. लोक तेवढ्यात फोन ठेवून पुन्हा लावतात. म्हणून २०१चे २२०१ करण्यापेक्षा ४२०१ करा. २ची मालिका तीन आकडी राहते, ४ची चार आकडी, आणि बदल चालू असताना दोन्ही एकत्र नांदतात.

आता प्रत्यक्ष काम. थ्रीसीएक्स या सॉफ्टवेअरमध्ये लांबी सिस्टिम बसवतानाच ठरते, त्यामुळे तिथे आधीच पुढचा विचार करा. पॅनासॉनिकसारख्या ईपीएबीएक्सवर (ऑफिसातल्या फोन एक्स्चेंजवर) नंबरिंग प्लॅनमध्ये सुरुवातीचा आकडा आणि त्यापुढे किती आकडे, असे दोन रकाने असतात. नवी मालिका तिथे आधी उघडावी लागते. फ्रीपीबीएक्समध्ये (अ‍ॅस्टरिस्क ब्राउझरमधून चालवायचे सॉफ्टवेअर) लांबीचे एकच असे सेटिंग नाही, पण एकदा केलेल्या एक्स्टेन्शनचा नंबर बदलताही येत नाही. नवे करावे लागते.

त्यासाठी फ्रीपीबीएक्सचा पूर्ण बॅकअप घ्या आणि त्यातल्या बल्क हँडलरमधून (सगळी एक्स्टेन्शने एकदम काढायची-भरायची सोय) एक्स्टेन्शनांची सीएसव्ही फाइल काढा. पहिल्या रकान्यातला नंबर बदलून भागत नाही, कारण डायल, अकाउंट अशा रकान्यांतही जुना नंबर असतो. मात्र पूर्ण शीटवर शोधा-बदला चालवू नका. एखाद्या पासवर्डमधला किंवा मोबाइल नंबरमधला २०१ही बदलून जाईल. एक्सेल सुरुवातीचे शून्य खाते, तेव्हा ०२२ किंवा ०२०ने सुरू होणारे रकाने टेक्स्ट म्हणूनच उघडा. आधी एकच ओळ आयात करून फोन लागतो का पाहा, मग बाकीच्या.

रिंग ग्रुप (एकत्र वाजणारे फोन), क्यू (कॉलची रांग), फॉलो-मी (कॉल दुसऱ्या नंबरावर पाठवणे) आणि फोनवरची बीएलएफ बटणे (दुसऱ्याचा फोन चालू आहे का ते दाखवणारी) यांत जुने नंबर तसेच राहतात. ते एकेक करून बदला. व्हॉइसमेलमधले निरोपही आपोआप नव्या नंबरावर येत नाहीत, जुने एक्स्टेन्शन काढण्याआधी हवे ते उतरवून घ्या.

फोनमध्ये नवा नंबर भरायचा राहिला, तर तो जुन्याने रजिस्टर व्हायचा प्रयत्न करत राहतो आणि फेल-टू-बॅन हे सुरक्षेचे सॉफ्टवेअर त्याला हल्ला समजून त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) अडवते. शाखेतले सगळे फोन एकाच पब्लिक आयपीमागे असतील, तर एका विसरलेल्या फोनपायी पूर्ण शाखा गप्प होते. शाखेचा आयपी आधीच विश्वासू यादीत घाला. आयपी फोनवर नंबर जायला उशीर लागत असेल तर कारण बहुधा फोनमध्येच असते: ग्रँडस्ट्रीम कंपनीचा फोन मूळ सेटिंगमध्ये ४ सेकंद वाट पाहतो, यीलिंकच्या फोनवर डायल-नाऊचा (कोणता नंबर लगेच लावायचा याचा) नियम लिहावा लागतो. ४ आणि त्यापुढे कोणतेही तीन आकडे, एवढा नियम पुरतो.

आयव्हीआरमध्ये ('अमुकसाठी १ दाबा' सांगणारा मेनू) थेट एक्स्टेन्शन दाबायची सोय असेल, तर मेनूत ४ हा पर्याय ठेवू नका. नाहीतर ४ दाबणारा प्रत्येक ग्राहक पुढच्या आकड्यांची वाट पाहत ताटकळतो.

बाहेरचे रूट (बाहेर जाणारा कॉल कोणत्या लाइनने जाईल याचे नियम) तपासा. १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना नंबराआधी ० लागतो, म्हणजे लाइनचा ० धरून दोन शून्ये. ११२ मात्र ० न लावताही गेलाच पाहिजे. घाबरलेल्या माणसाला लाइन घ्यायचे भान नसते. तपासण्यासाठी ११२ खरोखर लावू नका, अ‍ॅस्टरिस्कच्या कन्सोलवर 'डायलप्लॅन शो' ही आज्ञा त्या नंबरासह देऊन तो कोणत्या रूटला जातो ते पाहा.

जुना नंबर दाबणाऱ्यांसाठी काही आठवडे वळण ठेवा: आलेल्या नंबराच्या सुरुवातीला ४ लावून पाठवणारी ओळ फ्रीपीबीएक्सच्या 'फ्रॉम-इंटरनल-कस्टम' या कॉन्टेक्स्टमध्ये (डायलिंगच्या नियमांच्या गटात) लिहायची. हा कॉन्टेक्स्ट एक्स्टेन्शनांच्या आधी वाचला जातो. त्यामुळे २ आणि पुढे कोणतेही दोन आकडे असा सरसकट पॅटर्न घातला, तर अजून न हललेली एक्स्टेन्शनेही तो गिळतो. सगळे फोन हलेपर्यंत प्रत्येक जुन्या नंबराची वेगळी ओळ लिहा. कॉल रेकॉर्डच्या अहवालात जुन्या नंबरांवर कॉल दिसेनासे झाले, की या ओळी काढून टाका.