भजनाच्या मिक्सिंगमध्ये पेटीला आवर कसा घालावा

सोलापुरात एखाद्या भजनी मंडळाचे घरगुती ध्वनिमुद्रण मिक्स करायला, म्हणजे त्यातले वेगवेगळे आवाज एकमेकांशी जुळवायला घेतले, तर पहिली तक्रार बहुधा हीच येते की पेटी फार वाजते आणि शब्द कळत नाहीत. अशा वेळी गायनाचा आवाज चढवत नेऊ नये. पेटीचे स्वर आणि माणसाचा कंठ दोन्ही मुख्यतः ३०० ते ३००० हर्ट्झ या पट्ट्यात दाटी करतात. त्यामुळे एकाला थोडे सरकवल्याखेरीज दुसऱ्याला जागा मिळत नाही, आणि भजनात सरकायचे ते पेटीने.

त्याआधी सफाई करावी. गायनाच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झच्या आसपास लो-कट फिल्टर (त्याखालचे आवाज कापणारा) लावला की पंख्याची घरघर आणि शेजारच्या यंत्रमागांची भिंतीतून येणारी थरथर बरीच निघून जाते. मागाचा खटखटाट मात्र मधल्या पट्ट्यातही पसरलेला असल्याने तो इक्यूने (इक्वलायझर, म्हणजे आवाजाचा हवा तो पट्टा वर-खाली करणारे साधन) काढू पाहिल्यास गळाही पोकळ होतो. शहराच्या पूर्व भागात, म्हणजे यंत्रमागांच्या वस्तीत, मुद्रण करायचे असेल, तर माग बंद असण्याची वेळ गाठणे हाच त्यावरचा उपाय. डग्ग्याला हा फिल्टर लावू नये, कारण त्याचा घुमारा नेमका तिथेच असतो. त्याच्या ट्रॅकवर विजेची गुणगुण आली असेल, तर ५० आणि १०० हर्ट्झवर अगदी अरुंद काप पुरेसा होतो.

आता पेटी. गायन चालू ठेवूनच पेटीच्या इक्यूचा एक अरुंद बँड (पट्टा) ६ डेसिबल उचलावा आणि तो ५०० ते २५०० हर्ट्झच्या दरम्यान सावकाश फिरवावा. जिथे पेटी नाकात बोलू लागते आणि शब्द बुडतात, तिथे थांबून बँड थोडा रुंद करावा व मूळ पातळीच्या २-३ डेसिबल खाली आणावा. पेटी एकटी ऐकून हे ठरवू नये. एकटी असताना जी भरदार वाटते, तीच मंडळात अडचण करते. गरज पडली तरच गायनाला ३००० हर्ट्झजवळ १-२ डेसिबलची जोड द्यावी, आणि व्यंजने टोचू लागली तर तीही काढून घ्यावी.

टाळाचे काम मी शक्यतो इक्यूवर सोपवत नाही. माईकपासून चार हात दूर बसवलेला टाळकरी ८००० हर्ट्झवरच्या कोणत्याही कापापेक्षा बरा.

बदल पारखताना इक्यू बायपास करून (तात्पुरता बाजूला ठेवून) दोन्ही रूपे ऐकावीत, पण आधी त्यांची पातळी सारखी करावी, कारण जे मोठ्याने वाजते तेच कानाला चांगले वाटते. शेवटी मिक्स मोबाइलच्या स्पीकरवर लावावा. डग्गा तिथे जवळपास नाहीसा होईल, त्याची चिंता नको. अभंगाचा एखादा शब्द निसटला, तर मात्र पुन्हा पेटीकडे वळावे.