सीआरपीचा दुसरा आकडा

देवगडात माझी छोटी लॅब आहे. पावसाळ्यात सकाळी शटर वर केलं की दारात गळक्या छत्र्या आणि तापानं फणफणलेली पोरं. सीआरपीचा, म्हणजे संसर्ग झाला की रक्तात वाढणाऱ्या एका प्रथिनाचा, रिपोर्ट हातात पडला की आईबापांचा एकच प्रश्न, "जास्त आहे काय?" जास्त असला तरी एका आकड्यावरून फारसं कळत नाही. औषध लागू पडतंय की नाही ते दुसरा आकडा सांगतो, म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा.

आधी एकक बघा, आकडा नंतर. एका गणपतीत पाच वर्षांचा मुलगा न्यूमोनियानं ॲडमिट होता. पहिला सीआरपी दुसऱ्या गावातल्या लॅबचा, 96. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आला 9.1. बाप दारातूनच ओरडला, "दादा, शहाण्णवाचो नऊ झालो!" मुंबईला भावाला फोनही करून झाला होता. मी त्याच्या हातातला जुना कागद घेतला. तो आकडा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये, माझा प्रति डेसिलिटरमध्ये, म्हणजे लिटरच्या दहाव्या हिश्श्यात. दहानं गुणलं की 91. तीन दिवस शिरेतून ॲंटिबायोटिक जाऊनही सीआरपी जागचा हलला नव्हता, आणि पोराचा ताप तर होताच. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. सोनोग्राफीत फुफ्फुसाभोवती पू दिसला. नळी घालून तो काढल्यावर आकडा उतरायला लागला. चूक माझीही होती, एकक मी मुंगीएवढ्या अक्षरात छापायचो. आता प्रति लिटरच देतो, आणि ठळक.

सीआरपी यकृतात बनतो. 1930 साली न्यूयॉर्कला तो पहिल्यांदा सापडला, तोही न्यूमोनियाच्याच रुग्णांच्या रक्तात. संसर्ग झाल्यावर सहा-आठ तासांत चढायला लागतो, पुरता चढायला दीड-दोन दिवस लागतात. म्हणजे ताप आल्या आल्या धावत येऊन काढलेला नॉर्मल रिपोर्ट खिशात घालून निर्धास्त होऊ नका. ॲंटिबायोटिक सुरू केल्याच्या दुसऱ्या दिवशी आकडा थोडा वाढलेला दिसला तर घाबरूही नका. नवा बनायचा थांबला की मात्र साधारण 19 तासांत निम्मा होतो. दोन-तीन दिवसांत उतार दिसला नाही, तर औषध त्या जंतूला चालत नाही, कुठेतरी पू साठलाय, नाहीतर आजारच वेगळा आहे. ॲडिनोव्हायरससारखे विषाणूही सीआरपी चांगलाच चढवतात.

प्रोकॅल्सिटोनिन, म्हणजे संसर्गात रक्तात वाढणारा असाच दुसरा घटक, याहून चपळ. तीन-चार तासांत चढतं आणि उपचार लागू पडले की दिवसाला साधारण निम्मं होतं. फक्त जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत ते निरोगी बाळातही चढलेलं असतं. माझ्याकडे ही तपासणी होत नाही, सँपल कोल्हापूरला जातं. घाटात दरड आली की रिपोर्टही दरडीपलीकडे. खिशालाही जड आहे, तेव्हा "या आकड्यानं उपचार बदलणार आहे का?" असं डॉक्टरांना खुशाल विचारा.

पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या तर पोराला स्टिरॉइड चालू आहे का ते सांगा, त्यानंही वाढतात. ईएसआर, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी नळीत किती वेगानं खाली बसतात ते मोजायची तपासणी, हा आमच्याकडचा आळशी गडी. हाडाच्या संसर्गात सीआरपी आठवड्या-दहा दिवसांत जागेवर येतो, हा तीन-चार आठवडे रेंगाळतो. त्यावरून औषध फुकट गेलं असं समजू नका. आणि सीआरपी उतरला म्हणून उरलेला डोस घरच्या घरी बंद करू नका.

प्रत्येक रिपोर्टवर पेननं दोन गोष्टी लिहा: रक्त किती वाजता घेतलं आणि तेव्हा ॲंटिबायोटिकचा कितवा दिवस होता. शक्यतो त्याच लॅबमध्ये या. माझी जाहिरात नाही हो, मशिन बदललं की आकडा थोडा सरकतो.

पण तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं असेल, पोर दूध ओढत नसेल, लघवी कमी झाली असेल, किंवा एक ते पाच वर्षांचं पोर मिनिटाला 40 किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर माझं शटर वाजवू नका. सरळ दवाखाना गाठा, रक्त तिथे घेतील.