फ्लॅटमध्ये हॅम रेडिओचा अँटेना: दहा मीटर वायर पुरते

पणजीत सांतिनेझला किंवा मडगावात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या नव्या हॅमला (हौशी रेडिओवाल्याला) हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, गच्चीवर 40 मीटर बँडचा (तरंगलांबी साधारण 40 मीटर, म्हणजे सुमारे 7 मेगाहर्ट्झ) डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली सरळ वायर, टाक. हिशेब सोपा आहे. 143 ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागलं की अर्ध्या तरंगलांबीची वायर किती मीटर लागेल ते कळतं. 7.1 मेगाहर्ट्झला वीस मीटर. एवढी सरळ मोकळी जागा सोसायटीच्या गच्चीवर असते कुठे? टाक्या, सोलर हीटर, डिशा, आणि मे महिन्यात कुणाची तरी वाळत घातलेली सोलं. म्हणून माझं मत, फ्लॅटवाल्याने 20 मीटर बँडपासून सुरुवात करावी. 14.2 मेगाहर्ट्झला दहा मीटर वायर लागते, आणि केबल टोकाला जोडली तर तीच वायर 28 मेगाहर्ट्झवरही चालते. प्रक्षेपणासाठी परवाना लागतो आणि कोणते बँड खुले आहेत ते परवान्याच्या ग्रेडवर ठरतं, हे आधी पाहून घ्या.

वायर विकत आणण्याआधी एक संध्याकाळ नुसती ऐकण्यात घालवा. शहरात अँटेना लहान पडतो त्यापेक्षा खरखरीत बुडतो जास्त. रेडिओ बॅटरीवर लावा, तात्पुरती वायर बाल्कनीबाहेर सोडा आणि घराचा मेन स्विच बंद करा. खरखर एकदम खाली आली तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी चढवत जा. बहुतेक वेळा स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर किंवा इन्व्हर्टर सापडतो. मेन बंद करूनही खरखर तशीच राहिली तर ती शेजाऱ्यांकडून किंवा रस्त्यावरच्या तारांतून येते. अशा वेळी बाल्कनीची बाजू बदलून पाहा. मागच्या बाजूला, जिथे माड आहेत आणि विजेचे खांब नाहीत, तिथे कितीतरी शांतता मिळते.

जागा ठरली की सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा. ‘अँटेना’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मोबाइल टॉवर उभा राहतो, त्यामुळे वायरचा तुकडा खिशात घेऊन जा आणि दाखवा. माड शेजाऱ्याचा असेल तर त्यालाही विचारा. वास्को-दाबोळी भागात विमानतळ आणि नौदलाचा तळ आहे, तिथे उंच खांबाचा विचार आधीच सोडून दिलेला बरा.

आता जोडणी. टोकाकडून फीड केलेल्या (टोकाला केबल जोडलेल्या) अर्ध्या तरंगलांबीच्या वायरचा इम्पिडन्स, म्हणजे रेडिओ-प्रवाहाला होणारा विरोध, दोन-अडीच हजार ओहमच्या घरात असतो, कोॲक्स (रेडिओपासून येणारी केबल) मात्र 50 ओहमची. मध्ये 49:1 चा ट्रान्सफॉर्मर लागतो: एफटी 240-43 फेराइट रिंगवर प्रायमरीचे दोन वेढे, सेकंडरीचे चौदा, आणि प्रायमरीवर 100 पिकोफॅरडचा उच्च व्होल्टेजचा कपॅसिटर. हे सगळं प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करून ग्रिलपासून थोडं लांब बसवा. कोॲक्सच्या शिल्डच्या (बाहेरच्या जाळीच्या) बाजूला एक मीटरची काउंटरपॉइज वायर, म्हणजे परतीच्या प्रवाहाला वाट देणारी वायर, जोडा. तिथेच कोॲक्सचे दहा-बारा वेढे दुसऱ्या फेराइट रिंगवर घ्या, नाहीतर केबलच अँटेना होऊन घरातली सगळी खरखर रेडिओत आणते.

वायरचं दुसरं टोक इन्सुलेटरला आणि तिथून दोरीने माडाला. माड वाऱ्याने हलतो, म्हणून दोरीत सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा घाला आणि वायरला थोडी ढील ठेवा. वाड्यावरच्या अरुंद रस्त्यांवर विजेच्या तारा हाताला लागतील इतक्या खाली असतात. तुटून पडलेली वायर त्यांच्यापर्यंत पोचू शकेल अशी जागा कितीही सोयीची वाटली तरी सोडून द्या. वायर माणसांच्या हातालाही लागू नये. 50 वॅटला डब्याजवळच्या टोकाला साडेतीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो, चांगलाच चटका बसतो.

वायर आधी सव्वादहा मीटर ठेवा. अँटेना ॲनालायझरवर एसडब्ल्यूआरची (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, कमी तितकं बरं) खोलगट जागा 14 मेगाहर्ट्झच्या खाली दिसली तर वायर लांब आहे. कापू नका, टोक दुमडून वायरवरच घट्ट पिळा. वीस-पंचवीस सेंटीमीटरने खोलगट जागा तीनशे-चारशे किलोहर्ट्झ वर सरकते. बँडमध्ये दोनच्या खाली एसडब्ल्यूआर आला की पुरे. दीडचा सव्वा करायला दुपार घालवणारे भेटतील, त्यांना घालवू द्या.

गोव्यात अँटेना मारतो तो खारा वारा. तांब्याची उघडी जोडणी हिरवी पडते आणि कोॲक्सच्या वेणीत पाणी शिरलं की केबल आतून काळी होते. कनेक्टरवर आधी सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप ताणून गुंडाळा, मग वरून साधी इन्सुलेशन टेप. खिडकीतून आत घेण्यापूर्वी केबलला खाली एक झोळ द्या, पाणी तिथून ठिबकेल, घरात येणार नाही. बोल्ट 316 स्टेनलेसचे घ्या. चवथीच्या साफसफाईत डबा उघडून एकदा बघायचा नेम ठेवा. मे अखेरच्या आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटात मात्र रेडिओ बंद करून भागत नाही, केबल काढून खिडकीबाहेर टाकावी लागते, आणि तीही गडगडाट ऐकू येण्याआधी.

वायर बाहेर काढायलाच मिळत नसेल तर 2 मीटर बँड (सुमारे 145 मेगाहर्ट्झ) आहे. 49 सेंटीमीटरचा पितळी रॉड, खाली चार रेडियल (बुडाशी चहूबाजूंना पसरलेल्या सळ्या) 45 अंशांत वाकवलेले, बाल्कनीच्या ग्रिलच्या बाहेर फूटभर काढून बसवा. त्यासाठी केबल मात्र आखूड ठेवा, कारण या फ्रिक्वेन्सीला आरजी-58 या बारीक कोॲक्सची दहा मीटर केबल साधारण एकतृतीयांश शक्ती खाते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक 145.800 मेगाहर्ट्झवर बोलत असेल आणि डोक्यावरून जात असेल, तर या एवढ्याशा रॉडवरही ऐकू येतं.