पारा सांडल्यावर या चुका टाळा

थंडी पडली की नाशिकच्या पेपरात एक मथळा ठरलेला असतो: ‘निफाडचा पारा घसरला’. तो वाचून आपण कपाटातून स्वेटर काढतो. घरातला पारा खरोखर फरशीवर घसरतो, तेव्हा मात्र काय काढायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. बहुतेक जण केरसुणी काढतात.

मागच्या जानेवारीत सिडकोतून वहिनींचा फोन आला. “भाऊजी, थर्मामीटर फुटला. पण काळजी करू नका, मी सगळं साफ केलंय.” मी अंबडच्या एका कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो. ‘सगळं साफ केलंय’ हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. काय काय केलं ते विचारलं. केरसुणीने झाडलं, सुपलीतलं बेसिनमध्ये ओतलं, फिनेल टाकून फरशी पुसली, फडकं मशीनला लावलं, फरशी वाळावी म्हणून पंखा पाचवर ठेवला. थंडी होती म्हणून खिडक्या बंदच. त्यांची तक्रार एकच होती: हातातली सोन्याची अंगठी पांढरी पडली होती.

नको त्या जवळपास सगळ्या गोष्टी त्यांनी अर्ध्या तासात उरकल्या होत्या. त्यांना हसण्यात अर्थ नाही. शाळेत आमच्या सरांनी पाऱ्याचा थेंब तळहातावर ठेवून सगळ्या वर्गात फिरवला होता आणि आम्ही तो एकमेकांच्या हातावर ओतत खेळलो होतो. पारा धोक्याचा असतो हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. धोका नेमका कुठून येतो, तिथे घोटाळा होतो.

केरसुणी, पंखा आणि बेसिन

तापाच्या थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड, त्यामुळे एक ग्रॅमचा थेंब म्हणजे ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढा, पाचेक मिलिमीटरचा मणी. तो एका जागी असेल तर उचलणं सोपं असतं. केरसुणी मारली की त्याचे खसखशीहून बारीक हजार मणी होतात. एका थेंबाचे हजार सारखे थेंब केले, की पारा तेवढाच राहतो पण त्याचा उघडा पृष्ठभाग दहापट होतो, आणि वाफ पृष्ठभागावरून निघते. शिवाय ते मणी फरशीच्या सांध्यात, पलंगाच्या पायाखाली आणि केरसुणीच्या काड्यांत जाऊन बसतात. उद्या तीच केरसुणी स्वयंपाकघरात फिरते.

पारा साध्या खोलीच्या तापमानालाही उडत राहतो. त्या वाफेला रंग नाही, वास नाही. कारखान्यातल्या हवेत आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला 0.05 मिलिग्रॅम ही मर्यादा कारखाने अधिनियम, 1948 च्या दुसऱ्या परिशिष्टात दिलेली होती. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली घ्या. तिच्यात सुमारे 28 घनमीटर हवा असते. म्हणजे 1.4 मिलिग्रॅम पारा हवेत गेला की ती मर्यादा गाठली. थर्मामीटरमधला जेमतेम सातशेवा हिस्सा. बरं, ही मर्यादा धडधाकट कामगारासाठी आहे, रांगणाऱ्या बाळासाठी नाही. 20 अंशाला बंद जागेतली हवा घनमीटरमागे 13 मिलिग्रॅमपर्यंत पारा धरू शकते आणि दर दहा अंशांमागे हा आकडा जवळपास दुप्पट होतो. जानेवारीत सांध्यात गेलेला पारा एप्रिलमध्ये, नाशिक चाळिशीला टेकतं तेव्हा, जास्त जोमाने उडणार.

व्हॅक्युम क्लीनर केरसुणीहूनही वाईट. तो पारा गरम करतो आणि मागच्या बाजूने वाफ खोलीभर फेकतो. वर मशीन कायमचं बाधित होतं. बेसिनमध्ये ओतलेला पारा जड असल्यामुळे खालच्या वाकड्या पाइपातच बसून राहतो, आणि गरम पाणी सोडलं की पुन्हा वर येतो. वॉशिंग मशीनचंही तेच.

मग करायचं काय

आधी मुलांना आणि मांजर-कुत्र्याला बाहेर काढा. घरातल्या घरात खोलीचं दार बंद करा, बाहेरच्या खिडक्या उघडा. पंखा, कूलर, एसी बंद. हातातल्या अंगठ्या, बांगड्या, गळ्यातलं मंगळसूत्र काढून ठेवा. सोनं-चांदी पारा पटकन ओढून घेतात. रबरी हातमोजे घाला.

खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीलगत आडवी धरा, म्हणजे डोळ्यांना न दिसलेले मणी चमकतात. लग्नपत्रिकेच्या दोन जाड पुठ्ठ्यांनी ते हळूहळू एकत्र लोटा. जवळ आले की ते आपोआप एकमेकांत मिसळतात. हे बघायला इतकं छान वाटतं की माणूस खाली वाकून बघत बसतो, तसं बसू नका. मोठा मणी बिनसुईच्या इंजेक्शनच्या नळीने ओढा, बारीक मणी चिकटपट्टीने टिपा. सगळं काचेच्या किंवा जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, वर थोडं पाणी घाला, झाकण घट्ट लावा आणि बाटलीवर ‘पारा’ असं लिहा. ॲल्युमिनियमच्या वाटीत किंवा फॉइलमध्ये मात्र चुकूनही गोळा करू नका. ओरखडा पडलेल्या ॲल्युमिनियमला पारा लागला, की ते भुसभुशीत होऊन खाल्लं जातं.

फटींसाठी आपल्याकडे एक सोय आहे, ती मुंबई-पुण्याच्या लोकांकडे नसते. द्राक्षबागेवर भुरी रोगासाठी गंधक वापरतात, त्यामुळे पिंपळगाव-दिंडोरीकडे कुणी ना कुणी पाहुणा असतोच ज्याच्या शेडमध्ये गंधकाची भुकटी पडलेली असते. ती मूठभर फटीत भुरभुरा. गंधकाचा पाऱ्याशी संयोग होऊन सल्फाइड होतं आणि वाफ निघणं कमी होतं. पण हा संयोग सावकाश होतो, तोही वरवरचा. म्हणून आधी पारा उचलायचा आणि मग गंधक टाकायचं. उचलायचा कंटाळा म्हणून नुसतं गंधक टाकणं हीसुद्धा एक चूकच. दुसऱ्या दिवशी ती भुकटी ओल्या कागदाने टिपून त्याच कचऱ्यात बांधा. खिडक्या निदान चोवीस तास उघड्या ठेवा, थंडी असली तरी. पारा लागलेली चटई, चप्पल, फडकं धुवायचं नाही, पिशवीत बांधायचं.

आणि ही बाटली टाकायची कुठे? 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत घरगुती घातक कचऱ्याच्या व्याख्येतच फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर, सीएफएल आणि ट्यूबलाइट यांची नावं घातली होती. म्हणजे घंटागाडीत हे ओल्या-सुक्यात मिसळायचं नाही, वेगळं द्यायचं, आणि देताना आत काय आहे ते तोंडाने सांगायचं. गाडीवरचा माणूस बाटली हाताने उचलतो.

पोटात गेला की धावपळ, नाकात गेला की दुर्लक्ष

मुलाने थर्मामीटर चावला की घरात हलकल्लोळ होतो. कुणी मिठाचं पाणी पाजतं, कुणी घशात बोट घालतं. खरं तर गिळलेला धातुरूप पारा आतड्यातून नावापुरताच शोषला जातो, 0.01 टक्क्याहून कमी, आणि शौचावाटे निघून जातो. तिथे काचेच्या तुकड्यांची काळजी जास्त. उलटी करवू नका, डॉक्टरांना दाखवा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र 1800 116 117 या नंबरवर सल्ला देतं. श्वासातून गेलेली वाफ मात्र 80 टक्के शोषली जाते आणि रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचते, मूत्रपिंडात साठते. आणि त्यासाठी कुणी डॉक्टरकडे जात नाही, कारण काही झाल्यासारखं वाटतच नाही.

हे सगळं धातुरूप पाऱ्याबद्दल झालं. रसकापुरासारखे पाऱ्याचे क्षार पोटात गेले तर ते जीवघेणे असतात, तिथे एक मिनिट घालवू नका.

वाफेचा त्रास हळू येतो. हाताला कंप, झोप उडणं, चिडचिड, हिरड्या सुजणं. घरचे म्हणतात, वय झालं, टेन्शन आहे. पारा तापवला गेला असेल तर मात्र काही तासांतच खोकला, ताप आणि धाप लागते, आणि ते न्यूमोनियासारखं दिसतं. अशा वेळी ‘पारा तापला होता’ हे डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. ते आपणहून विचारतील असं नाही. वाफेचा संपर्क बरेच दिवस झाला असेल तर तपासणी लघवीची लागते. रक्तातला पारा थोड्या दिवसांत उतरतो, आणि मासे खाल्ले असतील तर रक्ताचा आकडा त्यानेही वाढतो. नॉर्मल रिपोर्ट बघून निर्धास्त झालेले लोक मी पाहिलेत. तपासणीच चुकीची केलेली होती.

गव्हाच्या कोठीत पारा

थर्मामीटर अपघाताने फुटतो. ही चूक आपण विकत आणतो. उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरताना कोठीत पाऱ्याच्या गोळ्या टाकायची रीत अजून कितीतरी घरांत आहे. करड्या रंगाच्या टिकड्या असतात, पुडीवर ‘आयुर्वेदिक’ लिहिलेलं असतं, आणि किडा खरंच लागत नाही. लागत नाही, कारण पाऱ्याची वाफ किड्यांच्या अंड्यांना मारते. तीच वाफ कोठीचं झाकण उघडून आत तोंड घालणाऱ्या बाईच्या नाकात जाते. त्यात एखाद्या टिकडीचा चुरा झाला, की ती गव्हाबरोबर गिरणीत.

माझ्या आईचं उत्तर ठरलेलं होतं: “गहू धुऊन वाळवून दळतो की आपण.” धुण्याचा हा भरवसा इराकमध्ये महागात पडला. 1971-72 च्या हिवाळ्यात तिथे मिथिलमर्क्युरी लावलेलं बियाण्याचं धान्य लोकांनी पेरण्याऐवजी दळून खाल्लं. बियाण्याला ओळखीसाठी लाल रंग दिलेला होता. धुतल्यावर रंग गेला, लोकांना वाटलं विष गेलं. साडेसहा हजार माणसं दवाखान्यात भरती झाली, त्यातली 459 दगावली. ते संयुग कोठीतल्या पाऱ्यापेक्षा कितीतरी जहाल होतं, हे खरं. तरी धुतलेल्या गव्हाचा विषय निघाला की मला ते आठवतं.

कडक उन्हात वाळवलेला गहू, घट्ट झाकणाची कोठी, कडुनिंबाचा वाळलेला पाला, डाळींना एरंडेलाचा हात. एवढ्यावर आपल्या आज्यांची कोठी वर्ष काढायची. आत्ता गोळ्या टाकलेल्या असतील तर हातमोजे घालून एकेक मोजून काढा. पुडीत जितक्या होत्या तितक्या सापडल्या पाहिजेत. चुरा झालेला असेल तर त्या भागातलं धान्य खाऊ नका, कोंबड्यांनाही घालू नका.

देवघरातला पारद

पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरला पारदाची शिवलिंगं दुकानात मांडलेली असतात, आणि कुंभ जवळ आला की ती वाढतात. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, धातूबद्दल म्हणायचंय. शुद्ध पारा आपल्या हवेत घट्ट होत नाही, तो गोठायला उणे 39 अंश लागतात. म्हणजे घट्ट लिंगात पाऱ्याबरोबर चांदी, कथील किंवा आणखी काही मिसळलेलं असणार. काय आणि किती, ते विकणारा सांगत नाही. अशा पिंडीवर दही-दूध-मधाचा अभिषेक करून ते तीर्थ म्हणून घरभर, त्यातही लहान मुलांना, देणं थांबवा. दगडाच्या किंवा चांदीच्या पिंडीवरचं तीर्थ घ्या. पारदाची गुटिका दुधात बुडवून पिण्याचा सल्ला कुणी दिला तर हात जोडून निघा.

रसौषधींचं, म्हणजे पारा घातलेल्या आयुर्वेदिक औषधांचं, थोडं निराळं आहे. पारा आणि हिंगूळ (पाऱ्याचं लाल खनिज) हे औषध नियम, 1945 च्या ई-1 परिशिष्टात विषारी द्रव्यांच्या यादीत आहेत, आणि अशी पोटात घ्यायची औषधं वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत असा इशारा बाटलीवर छापावा लागतो. चूक होते ती हा इशारा न वाचता, ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ म्हणून महिनोन्महिने स्वतःच घेत राहण्याची.

गोरं करणाऱ्या क्रीमचं एका ओळीत: सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 प्रमाणे तयार क्रीममध्ये पारा 1 पीपीएमच्या (दहा लाख भागांत एक भाग) वर चालत नाही, डोळ्यांच्या प्रसाधनांत 70 पीपीएम, आणि ज्या डबीवर उत्पादक किंवा लायसन्स नंबर नाही ती चेहऱ्याला लावायची नाही. 2023 मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीम वापरणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा विकार डॉक्टरांना आढळला होता.

‘आता बंदी आहे ना?’

आहे, पण कशावर ते बघा. पाऱ्यावरचा मिनामाता करार 2013 मध्ये झाला, 2017 मध्ये लागू झाला, भारताने 2018 मध्ये त्याला मान्यता दिली. पाऱ्याचे थर्मामीटर आणि बीपीची मशिनं बनवणं, आयात-निर्यात करणं थांबवायला त्यात 2020 ही मुदत होती, आणि देशांना पाच-पाच वर्षांची सवलत मागायची सोयही होती. तुमच्या कपाटात आधीपासून पडलेल्या थर्मामीटरला हा करार उचलून नेत नाही. दवाखान्यातल्या जुन्या बीपी मशीनमध्ये तर शंभर ग्रॅमच्या आसपास पारा असतो. दवाखाना बंद करताना ते भंगारात देणं म्हणजे शंभरएक थर्मामीटर एकदम फोडणं.

सातपूर-अंबडच्या कामगारांसाठी एक गोष्ट: पाऱ्याची विषबाधा पूर्वी कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात होती, आता 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणजे ती कळवणं कारखान्याच्या मालकावर आणि तपासणाऱ्या डॉक्टरवर बंधनकारक आहे. ‘घरीच काहीतरी झालं असेल’ म्हणून रजा टाकून गप्प बसू नका.

ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅमच पारा असतो. फुटली तर दहा-पंधरा मिनिटं खिडक्या उघडून बाहेर थांबा, मग काचा पुठ्ठ्याने उचला. पिशवीत मावावी म्हणून ती मुद्दाम फोडणं तेवढं सोडा.

वहिनींची अंगठी राहिली. त्यांना वाटलं होतं, सोनाराने जरा तापवली की पूर्ववत होईल. होतेही, कारण पारा उडतो. पण तो उडतो सोनाराच्या तोंडासमोर. म्हणून मी स्वतः घेऊन गेलो. आत बसलेल्या म्हाताऱ्या कारागिराने अंगठी उजेडात धरली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “थर्मामीटर का?” मी मान हलवली. त्याने अंगठी झाकणाच्या डबीत टाकली आणि पोराला हाक मारली, “ही मागच्या अंगणात. शेगडीवर नको.”