परदेशात सिचुआन हॉटेलात जेवायला जाताय? आधी तेफळं आठवा

मी काही मोठा खवय्या-बिवय्या नाही, गोव्यात फोंड्याला राहतो, बांगडा आणि सोलकढी मिळाली की गप्प. पण गेल्या वर्षी आईला घेऊन मावसभावाकडे मेलबर्नला महिनाभर होतो, तिथे बॉक्स हिल म्हणून भाग आहे, अर्ध्याअधिक पाट्या चिनी भाषेत, आणि तिथल्या एका दहा-बारा टेबलांच्या सिचुआन हॉटेलात आम्ही पाच वेळा जेवलो. पहिल्या दोन वेळा नुसती फजिती. आपल्याकडची पोरं आता शिकायला, नोकरीला, जहाजावर कुठे कुठे जातात, त्यांच्या कामाला येईल म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी आपलं गाड्यावरचं 'चायनीज' डोक्यातून काढा. मंच्युरियन तिथे मागू नका, ते मुंबईचं, नेल्सन वँग यांनी १९७५ साली पहिल्यांदा केलं असं सांगतात. (गोबी मंच्युरियन तर आता आपल्याकडेच अडचणीत, म्हापसा पालिकेने २०२४ मध्ये त्यावर बंदी आणली, बोडगेश्वराच्या जत्रेला गेलेल्यांना आठवत असेल.) आणि आपण 'शेजवान' म्हणतो ना, तो खरा चीनमधला सिचुआन प्रांत, पण आपल्या लाल शेजवान चटणीत सिचुआनचा जो जीव आहे तोच बहुतेक वेळा नसतो.

तो जीव म्हणजे त्यांची मिरी. मिरी म्हणतात पण मिरीशी संबंध नाही, ती आपल्या तेफळांची (तिरफळांची) सख्खी चुलत बहीण, एकाच झाडांच्या कुळातली, दोन्हींची साल वापरतात आणि बी टाकून देतात. जिभेला मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, त्याला ते 'मा' म्हणतात आणि मिरचीच्या तिखटाला 'ला', दोन्ही मिळून 'माला'. यातला 'मा' फार जुना, 'ला' मागाहून आला, कारण मिरची मुळात अमेरिकेतली, आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आली आणि चीनमध्ये तिची पहिली नोंद १५९१ ची. मावसभावाच्या ऑफिसातला एक दिल्लीवाला पहिल्या घासाला घाबरला, त्याला वाटलं अ‍ॅलर्जी झाली. आईने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "अरे ही तर तेफळां!" संपला विषय. तेव्हा तुम्हालाही मुंग्या आल्या तर घाबरू नका आणि पाणी ढोसू नका, साधा भात खा, थोड्या वेळात उतरतं.

आता ऑर्डर. मेनूवरची नावं शब्दशः घेऊ नका, आमची फजिती तिथेच झाली. 'पाण्यात उकडलेला मासा' असं वाचून वहिनी म्हणाली, छान, पोराला साधं काहीतरी होईल. आलं काय तर परातीएवढं भांडं, वर बोटभर लाल तेल, त्यात मूठ मूठ सुक्या मिरच्या तरंगतायत! पोर रडायला लागलं. तो रस्सा प्यायचा नसतोच, मासे तेवढे काढून घ्यायचे, खाली कोंब आणि पाला असतो तोही छान लागतो. तसंच मिरच्यांच्या ढिगात लपवलेलं कोंबडीचं सुकं मिळतं, लाझीजी म्हणतात, त्यातल्या मिरच्या खायच्या नाहीत, आपण हुमणातली (माशाच्या आमटीतली) तेफळं ताटाच्या कडेला लावतो तसंच. शेजारच्या टेबलावर एक गोरा माणूस मिरच्याच चावत बसलेला, मला सांगावंसं वाटलं पण म्हटलं जाऊदे.

'नवरा-बायकोचे फुप्फुसाचे तुकडे' असं काही भाषांतर दिसलं तर हसू येईल, पण गोमांस खात नसाल तर लांब राहा, ते बैलाचं मांस आणि आतले अवयव असतात, थंड वाढतात. आणि हे नीट लक्षात ठेवा, चिनी मेनूवर नुसतं 'मांस' म्हटलं की ते डुकराचं. 'रो' म्हणजे मांस, गायीबैलाचं असेल तर त्याच्या आधी 'न्यू' लागतं, कोंबडी म्हणजे 'जी', काहीच लागलं नसेल तर डुक्कर समजा.

शिवराक (शाकाहारी) लोकांनी तर हे दोनदा वाचा. आई सोमवार पाळते आणि दुसऱ्यांदा गेलो तो नेमका सोमवार. आम्ही वांग्याची भाजी मागवली, नावात 'मासळीच्या वासाची' असं, आई तिथेच अडून बसली. आता गंमत अशी की त्यात मासळी नसतेच, मासळीला जो मसाला वापरतात तो वांग्याला, म्हणून तसं नाव. पण म्हणून निर्धास्त झालो आणि खाली बारीक खिमा निघाला! सुक्या परतलेल्या फरसबीत पण तोच प्रकार, मापो टोफूत पण, तिथे भाजी म्हणजे त्यात भाजी आहे एवढंच, मांस नाही असं कोणी कबूल केलेलं नसतं. म्हणून 'व्हेज' म्हणून थांबू नका, 'सू' म्हणा, सू म्हणजे शिवराक, आणि फोनवर भाषांतर करून दाखवा की खिमा नको, कोंबडीचं पाणी नको, ऑयस्टर सॉस नको. त्यांच्यातले कडक बौद्ध शाकाहारी कांदा-लसूण पण खात नाहीत, त्यामुळे तुम्ही काहीतरी विचित्र मागताय असं त्यांना वाटत नाही. हॉटेलवाल्या काकीने आईसाठी आंबट-तिखट बटाट्याचे कीस आणि ठेचलेली लसूण-काकडी आणली, बटाटा मुद्दाम कच्चट कुरकुरीत ठेवतात, आईला वाटलं शिजायचा राहिलाय, पण संपवला सगळा.

प्रत्येकाने आपापली प्लेट मागवायची पद्धत नाही, सगळं मधे ठेवून भाताबरोबर खायचं, म्हणजे आपलं घरचंच जेवण. चौघांना तीन-चार पदार्थ बास. एक थंड, एक पालेभाजी नुसती लसणीवर परतलेली, एक टोफू, एक मासा किंवा कोंबडी. सगळंच लाल मागवलं की तिसऱ्या घासानंतर चव कळेनाशी होते, हे मी करून बघितलंय. तिखट कमी हवं तर 'वेइला', अजिबात नको तर 'बू ला', पण उगाच गोव्याची ऐट दाखवून सगळ्यात तिखट मागू नका. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा, कुंगपाव चिकनमध्ये ते असतातच.

काय मागवावं कळत नसेल तर आजूबाजूला चिनी आजी-आजोबा काय खातायत ते बघा आणि बोट दाखवा. भिंतीवर चिकटवलेले कागद असतात, त्यावरचे पदार्थ मेनूत नसतात, फोनचा कॅमेरा धरून वाचा. गर्दीच्या वेळी मात्र हे सगळं करत बसू नका, काकी वैतागते, आणि तिचं काही चुकत नाही. दुपारी अडीचनंतर पण जाऊ नका, बरीच हॉटेलं पाच वाजेपर्यंत बंद, आपल्या दुपारच्या झोपेसारखंच.

चॉपस्टिक जमत नसतील तर चमचा मागा, कोणी हसत नाही. फक्त त्या भातात उभ्या खोचून ठेवू नका, मेलेल्यांपुढे उदबत्त्या तशा लावतात म्हणून अशुभ मानतात. वाटी उचलून तोंडाजवळ नेली तरी चालते. गरम पाणी किंवा चहा आपोआप येतो. थोडी रोख जवळ ठेवा. ऑस्ट्रेलियात टीप द्यावीच लागते असं नाही, अमेरिकेत द्यावी लागते, तेवढं विचारून घ्या. उरलेलं बांधून मागायला लाजू नका, सगळेच नेतात.

निघताना आईने बाजूच्या दुकानातून त्या मिरीचं पाकीट घेतलं. फोंड्याला आल्यावर बांगड्याच्या हुमणात घालून बघितली. वास लिंबासारखा सुंदर, पण हुमण काही जमलं नाही, त्याला तेफळंच लागतात. पाकीट अजून फ्रीजमध्ये आहे, अंड्याच्या आम्लेटवर मस्त लागते.